शेवंतीची रवाल

पडदा वर जातो तेव्हा पिशोर गावच्या शिवारात कोवळं ऊन, मका निघालेलं मोकळं रान आणि मधोमध पांढरीशुभ्र घोडी, शेवंती. कडेला बाजेवर कचरूअप्पा, मांडीवर काठी.

उभा जन्म अप्पांनी वरातीच्या घोड्या नाचवल्या. हलगी कडाडली की अप्पा जिभेनं टक् टक् करत टाच लावायचे, त्यांची घोडी मागच्या पायांवर उभी राहायची आणि नवरदेवापेक्षा जास्त वाहवा तीच लुटायची. मग खुबा मोडला. डॉक्टरांनी बजावलं, घोड्यावर बसायचं तर एकही दचका चालणार नाही. बिनदचक्याची चाल एकच, रवाल. एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात आणि स्वार पाळण्यात बसल्यासारखा जातो. वरातीत नाचलेली शेवंती ती शिकली तर अप्पा पुन्हा स्वार; नाही तर तिला सिल्लोडच्या वरातवाल्याकडे धाडायचं ठरलं होतं.

शिकवणारी लेक मेघा, शहरात घोडेस्वारी शिकवते. पायांना दोर बांधून चाल काढायची जुनी रीत तिला मंजूर नव्हती. हिवाळाभर सुट्टीच्या दिवशी ती दोरी धरून घोडीच्या खांद्याशी चालली. घोडी उधळू लागली की थांबायचं, निवली की पुन्हा निघायचं. मग पाठीवर बसून तेच. होळीपर्यंत रवाल बसली.

आज अप्पा रानातल्या घराच्या ओट्यावरून खोगिरावर चढले. रानाच्या बांधापर्यंत झकास. तिथं शेवंती जागच्या जागी नाचू लागली. मेघानं धावत येऊन लगाम धरला.

"हिच्या डोक्यातली वरात जायची नाय," अप्पांचा चेहरा उतरला. "धाड सिल्लोडला."

"घोडीला काय बोल लावता, अप्पा? तुमची जीभ बघा, टक् टक् चाललीय. अन् टाच बी. तिला वाटतं, नाचायचंय."

"म्या नाय वाजवली."

"मग काय काठीनं वाजवली?"

जीभ अप्पांची, पण इतक्या वराती वाजवून ती आता त्यांना विचारतही नव्हती.

मेघानं घरातून काठोकाठ भरलेला दुधाचा पेला आणला. "एक घोट तोंडात धरा, गिळायचा नाय. पेला हातात. सांडला तर सकाळचा चहा बंद."

गाल फुगवून अप्पा निघाले. जीभ अडकली, डोळे पेल्यावर, आणि सांडू नये म्हणून अंग सावरता सावरता टाच कधी सैल पडली, त्यांना कळलंही नाही. शेवंतीनं कान पुढं केले. टापांचा सूर एकसारखा लागला. रान संपलं, वळण आलं, ती परतली. दूध पेल्याच्या काठाशी नुसतं थरथरत होतं.

मेघापाशी येऊन अप्पांनी तोंडातला घोट गिळला. डोळे भरले होते, आवाज मात्र वरातीतला.

"साखर घालायची इसरलीस, मेघे. चहा ठेव, तवर म्या वेशीपर्यंत जाऊन येतो."