तात्यांचा मोजा आणि गणपतीचे डोळे

पक्षाघाताच्या संशोधनात काम केलं की किस्से असे साचतात, की फायली ठेवायला जागा उरत नाही. पुढचं सगळं शपथेवर खरं. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे दोनदा नव्हतो, पण सांगणारा माझ्याइतकाच खरं बोलणारा!

रोह्याला आमच्या डॉक्टर मॅडमचं संशोधन चाललं होतं. पक्षाघातानंतर चांगला हात रोज काही तास जाड हातमोज्यात कोंडायचा, म्हणजे लुळा हात झक मारत कामाला लागतो. मी कागद सांभाळायचो.

आमचे पेशंट पेणचे तात्या. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, आणि नेमका उजवा हात गेला. मालकाचा निरोप आला, "आषाढापर्यंत हात आला तर बरं, नायतर यंदा डोळे दुसरा काढील."

*

मोजा कुणाला, नुसता व्यायाम कुणाला, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार होता.

"मॅडम, कॉम्प्युटरच्या ओळखीतलं कोण हाय काय?"

"त्याच्याकडे ओळख चालत नाही, तात्या."

"मग तो इथला नाय!"

मोजा तात्यांनाच मिळाला. वशिला मीच लावला असं समजून त्यांनी मला स्टँडवर मिसळ खिलवली. मी खाल्ली.

*

डाव्या हाताला मोजा, उजवा मोकळा लोंबतोय, असे तात्या घरी पोचले. शेजारीण त्यांच्या बायकोला, सुमनकाकींना म्हणाली, "गो सुमन, डॉक्टरनं भलताच हात बांधलान!"

काकींनी आठवडाभर हेच ऐकलं. शेवटी त्यांनी तात्यांना ओट्यावर बसवून उजव्या हातानं वाल सोलायला लावले. अर्धे वाल गटारात गेले. "जाऊ देत," काकी म्हणाल्या, "हात तर पुढं जातोय!"

*

तपासायला पनवेलहून एक साहेब यायचे. मोजा कुणाला होता हे त्यांना कळता कामा नये, नाहीतर मार्क देताना मन झुकतं, हा नियम. मी तात्यांना दहादा बजावलं. तात्या तोंड शिवून बसले.

पण काकींना कोण बजावणार? घेतलेली वस्तू रिकामी परत करायची नाही, ही त्यांची रीत. त्यांनी मोजा धुतला, वाळवला, त्यात पोह्याचे पापड भरले आणि थेट साहेबांच्या टेबलावर ठेवला. "तुमचा मोजा. आमच्या ह्यांना लय उपयोगी पडला!"

मॅडमनी कपाळ धरलं. साहेबांनी पापड धरला.

*

पहिल्या साहेबांना मोजा कळला, म्हणून नवे साहेब आले. समोर भोकांची फळी, नऊ खुंट्या, हातात घड्याळ. तात्यांच्या चारच बसल्या.

"खुंट्या ठोकायला मी काय सुतार हाय?"

साहेबांनी चार लिहिलं.

*

आषाढ लागला. मालकानं हातभर उंचीची मूर्ती समोर ठेवली. "काढा."

तात्यांनी डावा हात स्वतःच मांडीखाली दाबला. उजव्यात ब्रश घेतला. हात चेहऱ्यापर्यंत असा लटपटत गेला, की काकींनी तोंड फिरवलं. ब्रश टेकला आणि लटपट थांबली. एक डोळा. मग दुसरा.

मालकानं जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. "तात्या, हा रागावल्यासारखा दिसतो."

"रागावणारच! तीन महिने तुम्ही विचारायला नाय आलात."

मालक म्हणाला, "ही मूर्ती बाजूला ठेवा."

मालकाचं हे शेवटचं वाक्य मी पदरचं घातलंय. खरं म्हणजे त्यानं पुढची मूर्ती तात्यांसमोर सरकवली.