तोंडी अर्ज

पप्पांना झटका आला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. बाजू तीन-चार महिन्यांत बरीचशी परतली. वाचा मात्र सरकारी फायलीसारखी कुठेतरी अडकून बसली. डोक्यात सगळं स्वच्छ होतं, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे, पण बोलायला गेले की भलताच शब्द निघायचा, नाहीतर काहीच नाही. सगळ्यांत आधी जो शब्द परत आला तो होता ‘साहेब’.

आता ही नशिबाने केलेली थट्टा नाहीतर काय? पप्पांनी उभी नोकरी एका सरकारी कचेरीत काढली. शिपाई म्हणून लागले, कारकून म्हणून निवृत्त झाले आणि वीस वर्षांनी लहान पोरांनाही साहेब म्हणत राहिले. निरोप समारंभाहून घरी आले तेव्हा गळ्यातला हार खुंटीला अडकवून म्हणाले होते, "आजपासून हा शब्द बंद." आणि बंद म्हणजे बंद. बँकेच्या मॅनेजरलासुद्धा ते ‘अहो’ म्हणायचे. बाकीचे शब्द झटक्यात गेले आणि नेमका हाच जिभेला चिकटून राहिला. सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

तो शब्द परत आला त्या दिवशी त्यांना आईला हाक मारायची होती. जन्मभर ‘अगं’ म्हणत आलेला माणूस. तोंड उघडलं आणि "साहेब" निघालं. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने मात्र हात पदराला पुसले, समोरच्या खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "बोला. काय काम आहे?"

"साहेब... चहा."

"अर्ज लेखी की तोंडी?"

"तों...डी."

"मंजूर."

पप्पा हसले. तोंड एकाच बाजूने वर गेलं, पण हसले, झटक्यानंतर पहिल्यांदा. तेव्हापासून घरात हा खेळ सुरू झाला आणि खेळाखेळात शब्द वाढत गेले. चहानंतर पाणी आलं, पेपर आला, मग एकदा "साहेब, बाहेर जातो" असं अख्खं वाक्य आलं. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "शब्द चुकू देत, पण बोलणं थांबू देऊ नका. थांबलं तर आहे तेही जाईल." हे त्या बोलल्या तेव्हा मी तिथेच उभी होते, हे आधीच कबूल करून टाकते.

माझं सासर धायरीला आणि नोकरी हिंजवडीला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. रविवारी विश्रांतवाडीला माहेरी यायचं. अशाच एका रविवारी मी चहाच्या अर्जाचा व्हिडिओ काढला. खुर्चीत पप्पा, समोर कमरेवर हात ठेवून आई. वर एक ओळ टाकली, ‘आमच्याकडे चहा असा मंजूर होतो’, आणि चुलत भावंडांच्या ग्रुपवर पाठवून दिला. झटक्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, कारण ग्रुपवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. एका चुलतभावाने तो तसाच उचलला आणि जगापुढे टाकला. जगाला कुठे ठाऊक होतं?

खरं सांगते, पहिले दोन दिवस मी हवेत होते. कंपनीच्या बसमध्ये दर दोन मिनिटांनी किती जणांनी पाहिला ते बघत होते. कँटीनमध्ये मुली म्हणाल्या, "तुझे पेरेंट्स कसले क्यूट आहेत गं." लोकांना वाटलं, बायकोला गमतीने साहेब म्हणणारा नवरा आहे. त्यांचं अडखळणं म्हणजे अभिनय वाटला. मला खुलासा करता आला असता. नाही केला. कौतुक कुणाला नको असतं?

तिसऱ्या दिवशी वारं फिरलं. ‘ताटाखालचं मांजर’ वगैरे सुरू झालं. कुणीतरी हसण्याचे आवाज जोडून नवाच तुकडा केला. एकाने लिहिलं, ‘सरकारी बाबू दिसतोय, कचेरीतही अशीच लाळ घोटली असणार.’ ते वाचून माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे लिहिलं की माझ्या वडिलांना झटका आलाय, ते बोलायला शिकतायत. उचलली जीभ लावली टाळ्याला. मग दयेचा पूर आला. कुणी तेल सुचवतंय, कुणी काढा, कुणी नुसतेच हात जोडतंय. चुलतभावाने "सॉरी ताई" म्हणून व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर त्याच्या प्रती कुठल्या कुठे गेल्या होत्या.

पप्पांकडे साधा फोन, त्यामुळे त्यांच्यापर्यंत हे पोचणार नाही अशी माझी समजूत. पण गल्ली असते ना. रोज सकाळी ते काठी टेकत विहारापर्यंत जायचे. वाटेत लोक "जयभीम काका" म्हणायचे आणि ते डावा हात उचलायचे. आता कोपऱ्यावरची मंडळी म्हणायला लागली, "काय साहेब, झाला का चहा मंजूर?" वाईट हेतू कुणाचाच नव्हता. एकाने तर कौतुकाने मोबाईलच पुढे धरला. पप्पांनी स्वतःला बघितलं, आणि मग चष्मा सारखा करून खालचं सगळं वाचलं.

घरी आले ते गप्प. दुसऱ्या दिवसापासून विहार बंद, बोलणं बंद. चहा हवा असला की स्टीलचा पेला टेबलावर दोनदा आपटायचा, पाणी हवं असेल तर एकदा. आई मला फोनवर हे सांगत होती तेव्हा मागून ती टकटक ऐकू आली.

चुलतभावाला शिव्या घालतच मी माहेरी पोचले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काढला कुणी?"

"मी. पण मी फक्त ग्रुपवर..."

"मग पुढचं राहू दे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नंतरचा महिना मी कुठेच धड नव्हते. मीटिंगमध्ये कुणी पेन आपटलं तरी दचकायची. रविवारी पप्पांसमोर बसून विनवायची, "पप्पा, म्हणा ना काहीतरी." त्यांचे ओठ उघडायचे, नजर माझ्या हातांकडे जायची आणि ओठ मिटायचे. मोबाईल टेबलावर पालथा ठेवला तर ते त्याच्याकडे बघायचे, पर्समध्ये टाकला तर पर्सकडे. माझा बाप मला घाबरत होता. बाई म्हणाल्या, वाट बघा. वाट बघणं माझ्या रक्तात नाही. आईला जमतं. पेला वाजला की ती रोज म्हणायची, "अर्ज तोंडी हवा," आणि तरी चहा नेऊन द्यायची.

एका रविवारी आईचं मनगट दुखत होतं म्हणून कणीक मी मळायला घेतली. ओट्यावर जागा नव्हती, तेव्हा परात घेऊन पप्पांच्या समोरच खाली बसले. पाणी जास्त झालं आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बरबटले. तेवढ्यात पर्समध्ये मोबाईल वाजायला लागला. वाजून वाजून थांबला. मी उठले नाही, उठून तरी काय करणार होते? पप्पांनी पर्सकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं, बराच वेळ. पेल्याकडे निघालेला त्यांचा हात मध्येच थांबला.

"सा...हेब."

आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही.

"अर्ज?"

"तोंडी."

"मंजूर," आई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. माझ्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आता पप्पा पुष्कळ बोलतात. विहारातही जातात. पण मी घरात पाऊल टाकलं की अजून आधी माझ्या हातांकडे बघतात. म्हणून मी चप्पल काढते, पर्स दाराशीच ठेवते आणि सरळ परात खाली घेते. आई म्हणते, "अगं, चपात्या कधीच झाल्यात." मी म्हणते असू देत, आणि दोन्ही हात पिठात घालते.