चार स्क्रू

वर्गाच्या मॅडमनी माझ्या पोरीच्या गणवेशाचा खिसा सगळ्यांसमोर उलटा केला. चार स्क्रू फरशीवर पडले. "घरातूनच सवय असते यांना," त्या एका पालकांना म्हणाल्या. हळू आवाजात नाही. मला नीट ऐकू येईल असं.

मी तिथंच होते, हातात फडकं घेऊन. विश्रामबागेतल्या त्या शाळेत मी मावशी आहे. म्हणजे लहान पोरांचं शी-शू आणि फरशी माझ्याकडं. पोरगी पहिलीत, मोफतच्या जागेवर. त्या दिवशी पालकांना बघायला बोलावून पोरांना बंद पडलेली घड्याळं, रिमोट, खेळण्यातल्या गाड्या खोलायला दिल्या होत्या. चिखल कालवायला परातीत माती. मुलांनी हात घाण करावेत, मोडतोड करावी, त्यातूनच ती शिकतात, असं मॅडम पालकांना समजावत होत्या. ती माती आणली मी, चाळली मी.

एका डॉक्टरांच्या मुलानं रिमोट ओढून ओढून तोडला. "किती कुतूहल आहे बघा," मॅडम म्हणाल्या. माझ्या पोरीनं घड्याळ नीट खोललं आणि स्क्रू खिशात टाकले. तिचा बाप विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतो. काठावर बसून खोलताना स्क्रू खाली ठेवला की तो गवतात गेलाच. म्हणून आधी खिशात. पोरीनं बापाचं बघितलं, तसं केलं. तर ती चोर.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी काय केलं? पुढं होऊन पोरीच्या थोबाडीत दिली. मॅडमना बरं वाटावं म्हणून. नोकरी राहावी म्हणून.

ती रडली नाही. खाली बसून स्क्रू गोळा करायला लागली. "आई, पप्पा बी खिशातच ठेवत्यात की," एवढंच म्हणाली.

माझीच मला किळस आली. फडकं मी परातीत टाकलं.

"मॅडम, माझी पोरगी चोर न्हाई. तिची माफी मागा."

"मावशी, मुलांसमोर तमाशा नको. फरशी पुसून घ्या."

"आधी सगळ्या पोरांचे खिसे उलटे करा. मग पुसते."

पालक मोबाईलमध्ये बघायला लागले. मॅडमनी दुसऱ्या एकाही खिशाला हात लावला नाही.

पोरीनं घड्याळ परत जोडलं. ते काही चाललं नाही, बंदच होतं. चारही स्क्रू मात्र आपापल्या जागी बसले.

पोरांनी सांडलेला चिखल फरशीवर तसाच वाळला. मी पुसला नाही. मॅडमनी माफी अजून मागितलेली नाही. मी रोज सकाळी त्यांच्या टेबलासमोर उभी राहते आणि पोरीची माफी मागा म्हणते. काढून टाकतील मला. टाकू देत.

पोरीला सांगून ठेवलंय, दिसेल ते खोलायचं. स्क्रू खिशातच ठेवायचे. आणि त्या खिशाला कुणी हात लावला तर तो हात धरायचा. माझा असला तरी.