पायाळूची पाठ

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोकं मागं आणि पाय पुढं. आई म्हणायची, "हिला जगात यायची एवढी घाई की चालतच आली." पायाळू माणसाबद्दल आमच्याकडं लोक दोन गोष्टी मानतात. एक, त्याच्यावर वीज पडते. दुसरी, उसण भरलेल्या पाठीला त्याचा पाय लागला की उसण जाते. विजेनं मला कधी काही केलं नाही, आभाळ गुरगुरलं की आई घरात कोंडायची तेवढंच. उसण मात्र जन्माला पुरली.

मानवतजवळच्या आमच्या गावात रविवारी सकाळी, चहाच्या आधी, माणसं आमच्या ओसरीवर येऊन पालथी पडायची. कुणी पोतं उचलताना लचकलेला, कुणी नुसता शिंकला आणि कमरेत धरलं असा. मी एवढीशी पोर. परकर सावरत डावा पाय त्याच्या पाठीवरून वरून खाली ओढायचा, शेवटी एक हलकी लाथ, आणि लगेच वाकून त्याच्याच पाया पडायचं. मोठ्या माणसाला पाय लावलेला असतो ना! लाथ आणि नमस्कार एका दमात. शाळेत रोज छड्या खाणाऱ्या पोरीपुढं तिचेच गुरुजी पालथे पडून "लाव गं माय" म्हणतात, यापरतं सुख नाही. वर गूळ-शेंगदाणे मिळायचे.

लग्न होऊन झरीला आले तर ही कीर्ती माझ्याआधी पोचलेली. सासूबाईंना वाटलं, सून काय, दवाखानाच आणला घरात. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या घरातही एक नवरी आली. आमच्या दोघींच्या परसाची भिंत एक. मी शाळेत शिकवायची, ती शेतात राबायची. मी मोजून बोलणारी, ती तोंडानं फटाकडी. तरी कसं कोण जाणे, जमलं. चाळीस वर्षं त्या भिंतीवरून कोथिंबीर, विरजण आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या इकडून तिकडं जात राहिल्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत माझीच पाठ धरली. रात्री झोपून सकाळी उठावं तर पाठ म्हणजे लाकडाची फळी. कूस बदलता येईना, खाटेवरून पाय खाली सोडता येईना. शाळेत गेलं, उभं राहिलं, चार पोरांना ओरडलं की दुपारपर्यंत सैल. दुनियेचं दुखणं पडून राहिलं की उतरतं, माझं पडून राहिलं की चढायचं. मग ते कुणाला पटावं? सासूबाई म्हणायच्या, "घरात कण्हती, शाळेत टुणटुणीत. कामाचा कंटाळा, दुसरं काय!"

बरं, पायाळूची उसण काढायची कुणी? स्वतःचा पाय काही स्वतःच्या पाठीला पोचत नाही. मग शोध लागला, पूर्णेकडं एक पायाळू बुवा आहे. अंगानं रेडा. त्याच्या दारात मला पालथं घातलं. बुवानं पाय ओढला आणि अशी लाथ हाणली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. फरक पडेना, तर म्हणे उसण जुनी आहे, पुन्हा या. दर हिवाळ्यात जायचो. कितीतरी वर्षं! माझी उमेदीची वर्षं त्या बुवाच्या पायाखाली गेली. मला राग येतो, अजून येतो. आता कुणावर येतो ते विचारू नका. सगळ्यांनी मायेनंच केलं, पण मायेनं मारलेली लाथही लागतेच की. मणका हळूहळू धरत गेला आणि आम्ही उसण काढत बसलो.

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी धरून परभणीला नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. मग म्हणाले, "मणक्यांचा संधिवात आहे. मणके एकमेकांना चिकटायलेत. जाणार नाही, पण धरून ठेवता येईल. आणि बाई, पाठीवर लाथ, दाब, मालीश, काही म्हणजे काही नको. असा मणका काचेसारखा तडकतो." गोळ्या लिहून दिल्या, व्यायाम शिकवले, वर म्हणाले, पोहायला जात जा. झरीत, नऊवारी सासूच्या देखत, मास्तरीणबाईनं पोहायला जायचं! मी हसले. ते हसले नाहीत.

तेव्हापासून हा पाहुणा घरात आहे. त्याच्या तऱ्हा सांभाळते. उशी पातळ, गादी कडक. सकाळी गरम पाण्याची पिशवी, मग पालथं पडून राहायचं, मग भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवायचं. डोकं टेकत नाही. मध्ये पूर्वी बोट बसायचं, आता मूठ बसते. गोळी जेवणावर, थंडीत अंगात दोन दोन स्वेटर. एसटीत लांबचा पल्ला असला की मी मधेच उठून उभी राहते, मग कंडक्टर म्हणतो, "मावशी, जागा हाय की, बसा ना." मान तर वळतच नाही. कुणी बाजूनं हाक मारली तर बैलगाडी वळवावी तसं सगळं अंग वळवावं लागतं. तोवर माणूस पुढं गेलेलं असतं, आणि गावात सांगतं, बाईला लय ताठा. ताठा आहेच! मोडेन पण वाकणार नाही, ही म्हण बाकीच्यांना मिरवायला. मला ती डॉक्टरांनीच लिहून दिलेली.

लेकरू झालं नाही. सासूबाई गेल्या, मग हे गेले. दिवस कसाही जातो. झाडणं, निवडणं, टीव्ही. सकाळ जात नाही. जाग येते तेव्हा अंग माझं नसतं. छताकडं बघत पडून राहायचं, ते परत मिळेपर्यंत. एकटेपणा म्हणतात तो मला संध्याकाळी कधी भेटला नाही. तो सकाळी येतो आणि उशाशी बसतो.

पण शेजारीण होती. हे गेल्यापासून ती रोज सकाळी मागच्या दारानं चहाचा पेला घेऊन यायची. एक हात मानेखाली, एक कमरेखाली घालून मला उठवायची, उठवताना शिव्या घालायची, "मुडदा बशिवला त्या वाताचा." मग माझ्या समोर बसून गावाच्या बातम्या सांगायची. तिचा मुलगा पुण्यात. फोनवर त्याचा एकच धोशा, आई, इकडं चल. तिचंही एकच उत्तर, "हातपाय धड हायेत तवर म्या इथंच. त्या डब्यात कोंडून घेऊ का?" तिचे हातपाय धड राहोत, असं मी देवापुढं मागायची. तिच्यासाठी मागायची का माझ्यासाठी, ते देवालाच ठाऊक.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. ती न्हाणीत घसरून बसली. बसली म्हणजे नुसती बुडावर आदळली, आणि तशीच उठून कामाला लागली. पुढच्या रविवारी सकाळी आली ती रिकाम्या हातानं, चहाचा पेला नाही. मला उठवलंही नाही. माझी मीच कशीबशी उठून बसले. तर ही फरशीवर पालथी पडली.

"लाव पाय. उसण भरलीय."

पाय लावणं मला जमायचं, अगदीच नाही असं नाही. खिडकीचा गज धरून मी अलीकडंही एकदोघांना हलका लावला होता. मी विचारलं, "कुठं?" तिनं बोट ठेवलं ते बरोबर मणक्यावर. मला वाकता येत नाही, म्हणून काठीच्या टोकानं जरा स्पर्श केला तर "अगं आई!" म्हणून ओरडली. आणि एकदम लक्षात आलं, गेल्या वर्षीपर्यंत भिंतीवरून तिचं डोकं दिसायचं, आता नुसता आवाज येतो. भिंत तर वाढली नव्हती.

मी म्हणाले, "ही उसण न्हाई. मी पाय लावणार न्हाई. परभणीला चल, फोटो काढू."

"फोटो काढला का पोरगं नेणार मला. तुला कळत न्हाई का? गप पाय लाव, कुणाला सांगू नको."

"न्हाई लावणार."

ती तशीच पडून राहिली थोडा वेळ. मग गुडघ्यावर, मग भिंतीला धरून, कण्हत उठली. मला हात देता आला नाही. दारात थांबून म्हणाली, "साऱ्या गावाला पाय लावलास. माझ्याच वेळंला तुझा पाय सोन्याचा झाला व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चाळीस वर्षांत पहिला अबोला. सकाळी छताकडं बघत पडलेली मी भिंतीपलीकडं कान लावायची. तिच्या बादलीचा आवाज यायचा, मग कण्हणं, मग काहीच नाही. मनात सारखं यायचं, लावला असता हलका पाय, मोरपीस लावल्यासारखा, तर काय बिघडलं असतं? ती समाधानानं घरी गेली असती. पुण्याला कुणाला कळलं नसतं. सकाळचा चहा चालू राहिला असता. आणि डॉक्टरांचे शब्दही यायचे, काचेसारखा तडकतो. मुलाचा नंबर माझ्याकडं होता. मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. केला की ती वाचेल, आणि पुण्याला गेली. नाही केला तर ती राहील, पण कशी राहील? हे मला जेवढं लख्ख कळत होतं तेवढं कुणालाच कळत नव्हतं, आणि विचारायलाही कुणी नव्हतं. एरवी काही विचारायची ती तिलाच.

एका सकाळी पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला. मग तिची हाक आली. माझ्या नावानं नाही, नुसतीच, "अगं..." मी खाटेच्या काठाला धरून, दातओठ खाऊन उठले. मागच्या दारानं गेले. ती गॅसपाशी खाली बसलेली, पातेलं उपडं, दूध सांडलेलं.

"पायात मुंग्या यायल्यात," ती म्हणाली. "उठू लागली तर पाय ऐकंना."

मी फोन काढला. तिनं बघितलं आणि समजली.

"करू नको. तुला माझी आण हाय."

मी तिच्या समोर उभी राहून फोन केला.

मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला आणि तिला परभणीला घेऊन गेला. फोटो निघाला. एक मणका दबलेला, हाडं ठिसूळ झालेली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं. कुणी पाठ दाबली-तुडवली असती तर पाय कायमचे गेले असते. मुलानं परत येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं, "मावशी, तुमच्यामुळं आई वाचली." मला वाकून त्याला उठवता येईना. तो आपला पायाशीच, आणि मी वर बघत उभी. मग त्यानं आईचे कपडे भरले, देव भरले, गॅसची टाकी पलीकडच्या शेजाऱ्याला दिली. ती कमरेला पट्टा बांधून गाडीत बसली. माझ्याकडं बघितलं नाही, आणि मी हाक मारली नाही.

आता सकाळी उठायला मी खाटेच्या पायथ्याशी दोर बांधलाय. तो धरून स्वतःला ओढते. कधी पहिल्या झटक्यात जमतं, कधी उन्हं खिडकीतून आत येतात तरी दोर हातातच असतो. उसण घेऊनही आता कुणी येत नाही. पोरं सरळ दवाखान्यात जातात. बरं करतात. मीच शाळेत घसा फोडून तेच सांगत होते. पण रविवारी सकाळी ओसरी मोकळी बघवत नाही, हेही खरं आहे.

परवा सकाळी फोन वाजला. मी पडलेलीच होते. तिचा आवाज, पण इतका दबका की मी आधी ओळखलाच नाही.

"हळू बोलायलेय. सून झोपलीय."

"कशी हायेस?"

"हाय. पट्टा हाय. लिफ्ट हाय. गच्चीवर चालवत्यात. सगळं लय चांगलं हाय. एक विचारू? त्यो मला घेऊन जाणार, हे तुला ठाऊक व्हतं ना?"

"व्हतं."

"तरी फोन केलास."

"केला."

मग ती बोलली, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता.

"म्या नसता केला गं. तुझ्या जागी म्या असते, अन् तुला कुणी नेणार म्हणलं असतं, तर म्या नसता केला. तुझे पाय गेले असते तरी चाललं असतं मला. म्या बशिवलं असतं तुला, भरवलं असतं, धुतलं असतं. पण जाऊ नसतं दिलं."

तिकडं कुणीतरी उठलं असावं, दाराचा आवाज आला. "ठेवते," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.