पाणी मागणाऱ्या आक्का

आजाऱ्याच्या घरात शिरल्यावर आक्का आधी प्यायला पाणी मागत. येडशीत तेव्हा लोक आजाऱ्याला भेटायला जात, पण त्या घरचं पाणी टाळत. दाराजवळच्या पोत्यावर बसून "लई वाळलात हो" म्हणत आणि निघून जात. आक्का मात्र तांब्या रिकामा करून थेट बाजेच्या कडेला बसत. "आता कसं वाटतंय?" हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. "त्याला बोलायचं आसंल तर बोलंल की," म्हणत.

त्या आमच्या शेजारी राहत. नवरा रेल्वेत होता, तो दीर्घ आजारात गेलेला.

माझ्या वडिलांना, आण्णांना, पोटात गाठ झाली. कित्येक महिने मऊ भात आणि ताक, एवढंच पथ्य होतं. एकदा एक भावकीतला त्यांना म्हणाला, "वळखू येईना झालात." आक्का म्हणाल्या, "तुजं तोंड तर रोज बघतीया, तरी वळखू येत न्हाय." आण्णा पोट धरून हसले. ते त्यांचं शेवटचं हसणं.

पुढं सोलापूरच्या डॉक्टरांनी चुलत्यांना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. आण्णांना काही कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं. त्याच संध्याकाळी आईनं त्यांच्यापुढं भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी वाढली.

आण्णांनी ताटाकडं पाहिलं. "पथ्य का उठवलं?"

"बरं झालात की आता," चुलते म्हणाले.

आमच्याकडं पथ्य कधी उठवतात, हे आण्णांना ठाऊक होतं. त्यांनी ताट सारलं आणि भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशीही घास घेतला नाही.

आक्का आल्या, पाणी प्यायल्या, बाजेवर बसल्या. आण्णांनीच विचारलं, "आक्का, मी उठंन का ह्यातनं?"

चुलते दारातून हातानं खुणा करत होते. आक्कांनी तिकडं पाहिलं नाही.

"तुमाला काय वाटतंय?"

"न्हाय वाटत."

"मलाबी न्हाय वाटत, आण्णा." त्यांनी आण्णांच्या पावलावर हात ठेवला. मग त्या म्हणाल्या, "घोर कशाचा लागलाय?"

"पोराचा. मॅट्रिकला हाय. माज्या माघारी शाळा सुटंल त्याची."

आक्कांनी चुलत्यांना आत बोलावलं. "बरं व्हाल म्हणू नका. पोराचं काय ते बोला."

चुलत्यांना आधी रडू आलं. मग ते म्हणाले, "शिकवतो, आण्णा. जमीन मी बघतो."

त्या संध्याकाळी आण्णांनी ठेच्याशी अर्धी भाकरी खाल्ली. पोळ्याच्या आधी ते गेले. चुलत्यांनी शब्द पाळला. मी उस्मानाबादला मॅट्रिक झालो आणि पुढं पदवीधर झालो. आमच्या घरात तोवर कुणी शिकलं नव्हतं.

नोकरीच्या गावी कळलं, आक्कांनी अंथरूण धरलंय. एसटीत मी धीराची वाक्यं जुळवत होतो. दारात पोचलो. बाजेवर आक्का ओळखू येणार नाहीत इतक्या लहान झाल्या होत्या.

"आक्का, पाणी द्यायला सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सुनेला हाक मारली. मी तांब्या रिकामा करेपर्यंत पाहत राहिल्या.

"शिकलास की रं," म्हणाल्या, आणि भिंतीकडं सरकून त्यांनी मला बाजेवर जागा करून दिली.