आबांची जीप आणि ताईची तापी

सुरतेच्या उधना स्थानकात उतरले तेव्हा हवेत कांजी चढवलेल्या कोऱ्या कापडाचा आंबूस वास होता. अमळनेरहून मी एकच हेतू मनात धरून निघाले होते : आबांची जीप मागायची.

आबा आमचे वडील. उकाईचे धरण बांधले जात होते तेव्हा ते तिथे ही जीप चालवत. काम संपल्यावर त्यांनी ती लिलावात घेतली. चारही चाकांच्या जोरावर चिखलातून निघणारी गाडी त्या मुलखात नवलाचीच होती. ताई त्या जीपमध्ये वाढली. माझा जन्म धरण भरल्यानंतरचा. मला कळू लागण्याआधीच ताईच्या लग्नात जीप तिच्यासोबत गेली; माझ्या वाट्याला तिचे फक्त वर्णन आले.

जवळच्याच डिंडोलीत ताईच्या दारी जीप उभी होती. ऊन पिऊन फिकटलेली, तरीही ताठ. ताईने सत्तरीच्या उंबरठ्यावर स्टिअरिंग धरले आणि आम्ही तापीकाठच्या कामरेजकडे निघालो. वाटेत लोचो (वाफवलेल्या डाळीचा सैलसर पदार्थ, वर तेल नि शेव) खाल्ला. गाडीभोवती फिरून दुकानदाराने विचारले, “बेन, आ वेचवानी छे?” (ही विकायची आहे?)

“ना भाई, आ तो मारी बेन छे!” (ही तर माझी बहीण!) ताई म्हणाली.

मी शेजारीच उभी होते. लोचो एकाएकी तिखट लागला.

तापीच्या काठी गाळात चाके रुतली. “उतर वं माय,” ताई म्हणाली, “पुढच्या चाकाची कळ फिरव. आबा मलाच उतरवायचे.” पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळावा म्हणून ती कळ हाताने फिरवावी लागते. गार, मऊ गाळ पोटरीपर्यंत चढला. मी कळ फिरवली. इंजिन गुरगुरले, गाडी ढिम्म.

“एकच फिरवलीस ना? अगं, चाकं दोन असतात!” ताई खदखदून हसली. “मीही पहिल्यांदा हेच केलं होतं.”

माझी चूकसुद्धा तिने आधीच करून ठेवली होती. मी दुसरी कळ फिरवली. जीप उसळून काठावर चढली आणि मी मागून चिखल तुडवत गेले.

वर पोचताच धाप आवरत म्हटले, “ताई, ही मला दे.”

ताईने चाकावरचा गाळ बोटाने निपटला. “ने. पण बदल्यात मला काय देशील? माझं लग्न झालं, मी इकडे आले. आबांची म्हातारपणची प्रत्येक संध्याकाळ तुझ्या ओसरीवर गेली. त्यातली एक देतेस?”

मी तापीत हात धुऊ लागले; कळीचे ग्रीस काही जाईना.

परतीच्या रेल्वेगाडीत तळहातांना ग्रीसचा वास येत होता. जीप डिंडोलीतच राहिली. इतकी वर्षे मला वाटे, हेव्याची वाट अमळनेरहून सुरतेकडेच जाते. तिच्यावरून कुणी उलटही येत असेल, हे ध्यानी आले नव्हते. तरी मन निवले नाही.

घरी पोचल्यावर ओसरीवरची आबांची खुर्ची मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. दिवाळीला ताई यायची आहे. तिने ही मागितली तर?