धान देऊन आणलेला रेडर

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत कबड्डी रंगते. एका वर्षी जिंकायचंच म्हणून गावानं नागपूरचा एक रेडर ठरवला. त्याच्या मानधनासाठी घराघरातून सूपभर धान गोळा करून विकलं. माझ्या आईनं तर सूप शिगोशीग भरून दिलं. तिला काय माहीत, त्याच्यासाठी संघातून मलाच बाहेर बसवलं होतं!

रेडर ना चांगला, ना वाईट, अगदी माझ्याइतकाच. मध्यंतरापर्यंत तीनदा पकडला गेला. मी चिडून गावच्या कबड्डी मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं, “आता तरी मले उतरवा ना! त्याले काहून ठेवता?”

ते म्हणाले, “बाबू, साऱ्या गावाचं धान लागलं त्याच्यावर. त्याले बसवून कसं जमन?”

आम्ही हरलो. तो रेडर महाग पडला का, यावर पानठेल्यावर अजून वाद होतो आणि माझं डोकं फिरतं. खेळ आम्हा दोघांचा सारखाच होता. फक्त मी फुकटचा होतो, आणि फुकटच्याला बसवायला कोणाचं काही जात नाही.